बढती हुकलेला न्यायाधीश

सरकारला न रुचणारा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला त्याची किंमत बढतीच्या वेळी मोजावी लागते काय, ही शंका कॉलेजियमच्या शिफारशी रखडल्या की आपल्याकडे हमखास डोके वर काढते. या दृष्टीने अमेरिकेचे न्यायाधीश लर्नेड हँड यांचे चरित्र उद्बोधक आहे.

१८७२ मध्ये ऑल्बनी येथे वकिलांच्या घराण्यात जन्मलेले हँड हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान व कायदा शिकले. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात नेमले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. हेरगिरीविरोधी नव्या कायद्याचा आधार घेऊन न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरांनी ‘द मासेस’ या युद्धविरोधी, समाजवादी मासिकाला टपालबंदी केली. हँड यांनी या बंदीला मनाई दिली. जहाल टीका आणि कायदा मोडण्याची थेट चिथावणी यांत त्यांनी भेद केला. हा निकाल आपल्याला भोवेल, याची त्यांना कल्पना होती. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी फिरवला आणि तेथे रिक्त झालेली जागा मार्टिन मँटन यांना मिळाली.

हँड त्या न्यायालयात पोहोचले ते १९२४ मध्ये. १९३९ मध्ये मँटन लाचखोरीत दोषी ठरले आणि त्यांच्या जागी हँड प्रमुख झाले. निष्काळजीपणा ठरवताना अपघाताची शक्यता, संभाव्य हानी आणि खबरदारीचा खर्च यांची तुलना करण्याचे त्यांचे १९४७ चे सूत्र आजही विधी महाविद्यालयांत शिकवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना कायम हुलकावणी दिली. १९४२ मध्ये तर सत्तरीचे वय आडवे आले.

तथापि, १९५० मध्ये शीतयुद्धाच्या भीतीने देश ग्रासलेला असताना कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा त्यांनीच कायम केली. त्या वेळी त्यांनी थेट चिथावणीची आपली कसोटी लावली नाही. धोक्याचे गांभीर्य आणि त्याची शक्यता यांचे गणित मांडले.

१९६१ मध्ये हँड निवर्तले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या १९१७ च्या विचाराशी जवळीक असलेली कसोटी स्वीकारली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला.

बढती रोखल्याने हँड यांचा तर्क संपला नाही. परंतु तो मान्य होण्यास ५२ वर्षे लागली आणि भीतीच्या काळात खुद्द त्यांचीही भूमिका बदलली. म्हणूनच अभिव्यक्तीच्या मर्यादा शांततेच्या काळातच स्पष्ट व्हायला हव्यात, आणि नेमणुका करताना मागील निकालांचे हिशेब चुकते केले जाता कामा नयेत.