लेव्ह वायगॉट्स्की : मुलांच्या बडबडीत विचार ऐकणारा शिक्षक



आपल्या घरातील तीन-चार वर्षांचे मूल एकटेच खेळताना पाहा. रिकाम्या डबीची ते गाडी करते. गाडी उलटली की आता ती सरळ करायची, आता ढकलायची, असे स्वतःशीच पुटपुटते. आपण कामात असतो, म्हणून त्याला गप्प बसवतो. शिक्षक असूनही मी वर्गात हेच अनेकदा केले आहे. परंतु ही बडबड म्हणजे मुलाचा चाललेला विचारच होय, हे ज्या थोर मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, त्याच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

लेव्ह वायगॉट्स्की यांचा जन्म १८९६ साली, आज बेलारूसमध्ये असलेल्या ओर्शा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते दुसरे. बालपण गोमेल शहरात गेले. वडील बँकेत अधिकारी होते. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते, पण तिने आपले आयुष्य मुलांना वाढवण्यात वेचले.

त्या काळी झारच्या रशियात ज्यू विद्यार्थ्यांना मॉस्को विद्यापीठात शेकडा तीनच जागा असत, आणि त्याही चिठ्ठ्या टाकून दिल्या जात. हुशारी असूनही सारा भरवसा नशिबावर! १९१३ मध्ये वायगॉट्स्कींची चिठ्ठी निघाली. आईवडिलांच्या इच्छेखातर ते वैद्यकशाखेत गेले, पण लवकरच कायद्याकडे वळले. साहित्य व तत्त्वज्ञान यांचा अभ्यासही चालूच होता. १९१७ मध्ये ते गोमेलला परतले आणि शिक्षक झाले. तेथील अध्यापक विद्यालयात त्यांनी मानसशास्त्राची छोटी प्रयोगशाळा उभारली. याच काळात क्षयरोगाने त्यांना गाठले, तो अखेरपर्यंत सुटला नाही.

१९२४ मध्ये पेट्रोग्राड येथील परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाने विद्वान मंडळी थक्क झाली, आणि या तरुण शिक्षकाला मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणे आले. आपल्याला फार आयुष्य नाही हे जाणून ते तेथे अहोरात्र राबले.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी असे मांडले होते की, लहान मूल स्वतःशी बोलते ते केवळ आत्मकेंद्रित असल्यामुळे, आणि मोठे होताना ही बडबड विरून जाते. वायगॉट्स्कींनी याची परीक्षा घेतली. चित्र काढणाऱ्या मुलांना मुद्दाम अडचणीत टाकले, कधी कागद कमी तर कधी हवी ती रंगीत पेन्सिल नाही. अशा वेळी मुलांचे स्वगत जवळजवळ दुप्पट झाले! ट्रामचे चित्र काढणाऱ्या एका मुलाची पेन्सिल मोडली. मोडले, असे तो स्वतःशी पुटपुटला आणि मग त्याने अपघातात मोडलेली ट्राम रंगवली. म्हणजे तोंडातल्या शब्दानेच त्याच्या विचाराला नवे वळण दिले होते.

त्यांचे म्हणणे असे : तान्ह्या बाळाचा विचार शब्दांवाचून चालतो, आणि त्याचे रडणे-बोबडणे विचारावाचून. दोन वर्षांच्या सुमारास हे दोन प्रवाह एकत्र येतात. मग मूल प्रत्येक वस्तूचे नाव विचारू लागते. आधी ते इतरांशी बोलते, मग मोठ्याने स्वतःशी, आणि शाळेच्या वयात ते बोलणे मनात शिरते. बडबड नाहीशी होत नाही, ती मूक विचार बनते. म्हणूनच मूल आज मोठ्यांच्या मदतीने जे करते, ते उद्या एकटे करू शकते.

११ जून १९३४ रोजी अवघ्या सदतिसाव्या वर्षी वायगॉट्स्की वारले. विचार आणि भाषा यांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये सोव्हिएत राजवटीने बालविकासाच्या त्या साऱ्या शास्त्रावरच बंदी घातली आणि त्यांचे लेखन वीस वर्षे अंधारात पडले. १९५६ मध्ये ते पुन्हा छापले गेले, १९६२ मध्ये इंग्रजीत आले. ते वाचून, स्वतःशी होणारे हे बोलणेच पुढे मनातले बोलणे बनते, ही गोष्ट खुद्द पियाजे यांनी मोकळेपणाने मान्य केली.

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या घरात उर्दू, दखनी, कोकणी वा मराठी, जी भाषा असेल तिच्यात मुलाशी भरपूर बोलावे. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. भाजी निवडताना, बाजारात जाताना त्याला वस्तूंची नावे सांगावीत, आणि अमुक असे का, हे त्यालाही विचारावे. यासाठी पैसा लागत नाही की पदवी लागत नाही. आणि ते एकटेच पुटपुटत असेल, तर त्याला गप्प बसवण्यापूर्वी क्षणभर कान द्यावा. त्या वेळी ते विचार करायला शिकत असते.