मांडवीच्या कोंदट खोल्यांत प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस, आणि भाड्याच्या घराची तपासणी

जळगाव असो की धुळे, भाड्याची खोली बघायला गेलं की आपण भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो. छताचे पोपडे निघालेत, खोलीला खिडकी नाही, संडास तुंबलाय हे डोळ्यांना दिसत असतं. पण हे तपासायचं कुणी, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईला हा प्रश्न विचारावाच लागला, तोही हजारो माणसं गेल्यावर. त्या गोष्टीची सुरुवात एका डॉक्टरांपासून होते. त्यांचं नाव अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. जन्म १ एप्रिल १८५६ चा. शिकायला मुंबईत आले, सेंट झेवियर्स कॉलेज केलं, मग ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. १८८८ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडूनही आले.

मांडवी म्हणजे गोदीजवळचा व्यापारी भाग. खाली धान्याची गोदामं आणि वर भाडेकरूंच्या खोल्या. एकेका खोलीत डझनभर माणसं. उजेड नाही, वारा नाही, गटारं उघडी. गोदामातल्या धान्यावर उंदीर पोसलेले.

बरं, कायदा नव्हता असं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने आयुक्तांना कुठल्याही इमारतीत जाऊन तिथली स्वच्छता तपासायचा, चुना मारून घ्यायला लावायचा आणि राहण्यालायक नसलेलं घर बंद करायचा अधिकार दिला होता. पण मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्यांकडे होता आणि सभागृहात घरमालकांचं वजन होतं. भाडेकरूला मत नव्हतं, म्हणून आवाजही नव्हता. तपासणीचा अधिकार कागदावरच राहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या पेशंटमध्ये व्हिएगस यांना विचित्र लक्षणं दिसू लागली. जोराचा ताप, काखेत आणि जांघेत गाठी, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. त्यांनी निदान केलं की हा गाठीचा प्लेग आहे. एवढ्या मोठ्या बंदरात प्लेग आहे असं जाहीर करणं म्हणजे व्यापारावर घाला. अनेकांना हे पटेना. व्हिएगस मात्र मागे हटले नाहीत. इतर तज्ज्ञांच्या तपासणीतही निदान खरं ठरलं. सरकारने हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईत बोलावलं आणि पुढे त्याने प्लेगची लस तयार केली. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८ हजार लोकांना ती टोचली असं सांगितलं जातं.

यानंतर तपासणी सुरू झाली, पण ती कशी? पथकं घराघरात शिरू लागली. गटारं धुतली, चुना मारला, उजेड यावा म्हणून छपरं उघडली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरांच्या खुणा केल्या. आजाऱ्यांना जबरदस्तीने उचलून नेलं. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. पुण्यात तर घरझडतीच्या जुलमाचा राग इतका साचला की १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळ्या घातल्या.

रेल्वेच्या वाटेने प्लेग मुंबईबाहेर पसरला. खानदेशही त्यातून सुटला नाही.

१८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि हवेशीर चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. परळच्या ज्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले, ती याच ट्रस्टची. पण पाडणं झपाट्याने झालं आणि बांधणं रखडलं. घर गेलेली माणसं शेजारच्या चाळीत कोंबली गेली आणि तिथली गर्दी आणखी वाढली.

१९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. योगायोग असा की त्याच वर्षी धुळ्याहून कारभार चालणाऱ्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढचे जळगाव आणि धुळे जिल्हे. १९३३ मध्ये व्हिएगस गेले आणि त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही महापालिकेत विलीन झाला. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

आता पुन्हा खानदेशात येऊ. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या. त्यांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यानुसार धोकादायक इमारतीला नोटीस देऊन ती दुरुस्त करून घ्यायचा किंवा पाडायचा अधिकार आयुक्तांना आहे. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची मजबुती तपासून घेणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी.

भाडेकरूच्या हातातही एक हत्यार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच की एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको.

व्हिएगस यांच्या मुंबईतही कायदा होता, पण रोग येईपर्यंत त्या खोल्यांकडे कुणी फिरकलं नाही. आणि पथकं आली तेव्हा ती दुरुस्त करायला कमी आणि हुसकावायला जास्त आली. म्हणून गळक्या छताची तक्रार पहिल्या पावसातच लेखी द्यायची आणि पोच जपून ठेवायची. भिंत कलल्यावर येणारी नोटीस बहुतेक वेळा खोली रिकामी करण्याचीच असते.