बार्नहिलचा भाडेकरू

स्कॉटलंडचा नकाशा उघडला, की पश्चिम किनाऱ्यालगत फाटक्या पदराच्या दशांसारखी बेटं विखुरलेली दिसतात. हेब्रिडीज म्हणतात त्यांना. त्यांतलंच एक जुरा. लांबी सुमारे ४७ किलोमीटर, वस्ती दोनशेच्या आसपास माणसांची आणि हरणं मात्र पाच हजारांवर! पश्चिम बाजू जवळजवळ निर्मनुष्य, पूर्व किनाऱ्याने एकच अरुंद रस्ता. दक्षिणेला तीन गोलसर डोंगर, त्यांतला सर्वांत उंच ७८५ मीटरचा. बाकी दलदल, काळी माती आणि पाऊस. १९४६ च्या मे महिन्यात या बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या बार्नहिल नावाच्या घरात एक उंच, किडकिडीत, खोकणारा भाडेकरू राहायला आला. बेटावर त्याला एरिक ब्लेअर म्हणत. आपण त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखतो.

जन्माने हा माणूस इथलाच. २५ जून १९०३ रोजी बिहारमधल्या मोतीहारीत तो जन्मला. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. पुढे ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी, मग दारिद्र्य, स्पेनच्या यादवीत गळ्यातून आरपार गेलेली गोळी. १९४५ च्या मार्चमध्ये पत्नी आयलीन शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेली. दत्तक मुलगा रिचर्ड तेव्हा वर्षाचाही नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये ‘ॲनिमल फार्म’ प्रसिद्ध झालं आणि दारात संपादकांची रीघ लागली. त्याला त्यातून सुटका हवी होती.

सुटका कसली, परीक्षाच! लंडनहून निघायचं ते आगगाडी, आगबोट, बस, पुन्हा आगबोट आणि शेवटी मोटार करीत दोन दिवसांनी आर्डलुसा गाठायचं. तिथून पुढे अकरा किलोमीटर खडबडीत वाट. घरात वीज नाही, फोन नाही. डॉक्टर चाळीस किलोमीटरवर. बहीण ॲव्रिलने घर सांभाळलं. त्याने भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, आणि रोजनिशीत राजकारणाऐवजी हवामान, अंडी नि पेट्रोल यांच्या नोंदी केल्या. बँकेत जन्म काढलेल्या मला त्या अंड्यांच्या बेरजा फार जवळच्या वाटतात.

बेटाच्या उत्तरेस कोरीव्रेकनचा प्रचंड भोवरा आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये भाच्यांना आणि तीन वर्षांच्या रिचर्डला घेऊन ऑर्वेल होडीतून परतत होता. भरती-ओहोटीचा हिशेब चुकला, होडीचं इंजिन तुटून पाण्यात गेलं. कसेबसे एका खडकाशी पोचले, तिथे होडी उलटली. शेवंडे पकडणाऱ्या कोळ्यांनी त्यांना वाचवलं.

त्या वर्षअखेर क्षयाचं निदान होऊन तो ग्लासगोजवळच्या रुग्णालयात दाखल झाला. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध अमेरिकेहून मागवलं गेलं. पण अंगावर अशी प्रतिक्रिया उठली, की ते थांबवावं लागलं. १९४८ च्या जुलैत तो पुन्हा जुराला आला. कादंबरीचा खर्डा दुरुस्त्यांनी इतका भरला होता, की स्वतःशिवाय कुणालाच तो लागला नसता. इतक्या दूर टंकलेखिकाही मिळेना. अखेर अंथरुणात बसून, तापात त्याने ती स्वतः टाइप केली. डिसेंबरमध्ये ‘नाइन्टीन एटी-फोर’ पुरी झाली. जानेवारी १९४९ मध्ये त्याने बेट सोडलं ते कायमचं. २१ जानेवारी १९५० रोजी लंडनमध्ये तो वारला. वय अवघं शेहेचाळीस.

जुराने ऑर्वेलचा बळी घेतला, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. छातीचा विकार जुना होता. १९३८ मध्येच त्याला आरोग्यधामात राहावं लागलं होतं. बेटाची हवा ओली खरी, पण सागरी प्रवाहामुळे थंडी तशी सौम्य. १९४७ च्या हिवाळ्यात कोळशावाचून कुडकुडणारं लंडन काही बरं नव्हतं. घात केला तो विश्रांती नाकारण्याने. दिवसभर बँकेचे हिशेब जुळवून रात्री लिहायला बसणाऱ्या मला ती ओढ समजते. पण घरात पोरकं होऊ घातलेलं मूल असताना हा सौदा करावा का? आपला संसर्ग होऊ नये म्हणून मुलाला दूर ठेवणाऱ्या त्या बापालाही हा प्रश्न छळत असणारच.

रिचर्डला पुढे आत्याने वाढवलं. बार्नहिल अजून उभं आहे, आणि सार्वजनिक रस्ता आजही त्याच्या अलीकडेच संपतो.