वॉनलेसवाडीचे डॉक्टर

सांगलीहून मिरजेला निघालं की विश्रामबाग मागे पडतं आणि वॉनलेसवाडी लागते. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानावरचं. लग्न होऊन सातारा जिल्ह्यात आले, तर इथल्या जुन्या बायकांच्या तोंडीही मिरजेचं मिशन हॉस्पिटल होतंच. कुणाला क्षय झाला, कुणाला मोतीबिंदू, की मिरज गाठायची हे ठरलेलं. पण ज्यांच्या नावाची ही वाडी, ते कोण होते हे विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. मैत्रिणींनो, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितेय. आणि त्यांच्या एका कामाविषयी जरा जास्तच, कारण ते काम अजून संपलेलं नाही.

विल्यम जेम्स वॉनलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडात झाला. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी अमेरिकेत न्यूयॉर्कला घेतलं. १८८९ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी हे नवराबायको बोटीत बसून हिंदुस्थानात यायला निघाले. वय अवघं चोवीस! पत्नी मेरी याही रुग्णसेवेचं शिक्षण घेतलेल्या. प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठवलं होतं, म्हणजे धर्मप्रसार हा हेतू होताच आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण आपल्या भागातल्या लोकांनी त्यांचं औषध घेतलं, धर्म बहुतेकांनी आपापलाच ठेवला. त्यावरून डॉक्टरांनी कुणाला दारातून परत पाठवलं असं मात्र माझ्या वाचनात आलेलं नाही.

सुरुवात सांगलीत झाली, एका लहानशा दवाखान्याने. पुढे मुक्काम मिरजेला हलला. मिरज संस्थानचं गाव, रेल्वेचं जंक्शन, चारी बाजूंनी माणूस येऊ शकतो. अमेरिकेतल्या देणग्यांतून १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उभं राहिलं. तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी डॉक्टर तयार करायची शाळाही काढली. मिशनच्या वतीने चालणारी देशातली ती पहिली वैद्यकीय शाळा समजली जाते. परक्या मुलखातून किती डॉक्टर आणणार, इथलीच मुलं शिकली पाहिजेत, हा साधा हिशेब. नर्सिंगचं शिक्षणही तिथे सुरू झालं. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना घराबाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहायची वाट मिरजेने दाखवली, त्यावर खरं तर वेगळा लेखच लिहायला हवा.

ते दिवस कसले होते बघा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सातारा, सांगली, मिरज या पट्ट्यातही पसरला. जांघेत, काखेत गाठी, अंगावर काळेनिळे डाग, की दोन-चार दिवसांत माणूस गेलाच. वर दुष्काळ. अशा काळात गावातल्या माणसांनी ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघितलं असतं, असा एक रोगी होता. महारोगी.

आपल्याकडे या रोगाला रक्तपिती असंही म्हणतात. म्हणजे रक्तच नासलंय, असं नावातच ठरवून टाकलेलं. आणि रक्त नासलं म्हणजे घराणं नासलं. एकाला झाला की त्याच्या बहिणीचं लग्न अडलं, पोरांशी कुणी खेळेना. खरं म्हणजे हा रोग एका जंतूमुळे होतो हे नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच दाखवून दिलं होतं. वॉनलेस इथे आले त्याच सुमारास, १८९०-९१ मध्ये, सरकारी कुष्ठरोग आयोग देशभर फिरला आणि हा रोग आनुवंशिक नाही, सहजासहजी लागतही नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. तरीही १८९८ मध्ये ब्रिटिश मुलखासाठी कायदा झाला. सरकार जो भाग जाहीर करील तिथे भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून कोंडायचं आणि महारोग्याने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही, भाड्याच्या गाडीत बसायचं नाही. रेल्वे तेवढी सोडली होती. सातारा जिल्हा ब्रिटिशांचा, मिरज-सांगली संस्थानी. तेव्हा वाळवा, तासगाव हे तालुकेही साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे मिरजेचं इस्पितळ सांगलीकरांचं जेवढं, तेवढंच आम्हा सातारकरांचंही.

या रोग्यांसाठी मिरजेत वेगळी वसाहत उभी राहिली त्यात वॉनलेस यांचा मोठा वाटा होता. तीच पुढे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखली गेली. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. कडू कवठाच्या जातीच्या झाडाचं तेल, चालमोगरा म्हणायचे त्याला, ते पोटातून द्यायचं, पुढे त्याची इंजेक्शनंही निघाली. गुण येईलच याची खात्री नाही. पण जखमा धुतल्या जायच्या, पोटाला अन्न मिळायचं, नावाने हाक मारली जायची. त्या काळच्या अशा वसाहतींत बायका-पुरुषांना वेगळं ठेवत, निरोगी पोरांना आईपासून दूर करत. एक बाई म्हणून ते वाचताना माझ्या पोटात कालवतं. पण विहिरीवरून हाकललेल्या बाईला दुसरं कुठलं दार उघडं होतं, हाही प्रश्न आहेच.

डॉक्टरांचं नाव झालं ते मात्र शस्त्रक्रियांमुळे, विशेषतः डोळ्यांच्या. लांबलांबून लोक यायचे. क्षयरोग्यांसाठी १९२० च्या सुमारास सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या हवेत आरोग्यधाम झालं, तीच ही वॉनलेसवाडी. मेरीबाई इथेच वारल्या. त्यांच्या नावाने कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल झालं. नंतर डॉक्टरांनी लिलियन एमरी यांच्याशी लग्न केलं. डॉक्टरांचं चरित्र लिहिलं ते या लिलियनबाईंनीच.

आता मी ज्यासाठी एवढं लांबण लावलं त्याकडे येते. आमच्या मंडळाच्या बायका आशाताईंबरोबर कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत घरोघर जातात, मीही जाते. दोन वर्षांपूर्वी एका घरी सून पदर खाली घेईना. दंडावर फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. सासूला कळलं तर माहेरी पाठवतील ही भीती. एक वर्ष तिने तो लपवला होता. चट्टा खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून तिला वाटलं किरकोळ असेल. पण न खाजणं, न दुखणं हीच तर खूण! फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात. डोळे मिटायला सांगून कापसाचं बोट फिरवलं तरी अंदाज येतो, पक्कं निदान अर्थात डॉक्टर करणार. कुणाकुणाला चट्टा नसतोच, कातडी तेलकट, चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात. जंतूला मज्जातंतू आवडतात. कोपराजवळची शीर जाड होते, बोटं वाकतात, तळपाय बधिर होतो आणि चुलीचा चटकाही कळत नाही. बोटं झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, न कळलेल्या जखमा चिघळून.

दोन गैरसमज मला दर मोहिमेत भेटतात. पहिला कोडाचा. कोड पांढराशुभ्र असतो, त्यावर स्पर्श नीट कळतो, तो महारोग नव्हे आणि लागतही नाही. दुसरा अंगावरच्या गाठींचा. काही जणांना लहानपणापासून कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि वयात येताना मऊ गाठी येऊ लागतात. न्यूरोफायब्रोमाटोसिस हे त्याचं अवघड नाव. हा आजार मात्र खरोखर आनुवंशिक असू शकतो, आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. आणि गंमत बघा, जो रोग घराण्यातून येत नाही त्याच्यासाठी घराणं बदनाम, आणि ज्याबद्दल लग्नाआधी डॉक्टरांशी बोलायला हवं त्यालाही लोक महारोगच समजतात.

औषध सुरू असताना किंवा ते संपल्यावरही कधी कधी अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, सांधे धरतात. शरीर मेलेल्या जंतूंशी झुंजत असतं, त्यात कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती येण्याची शक्यता जास्त असते. बायकांना वाटतं औषध बाधलं, रक्त पुन्हा नासलं, आणि गोळ्या बंद करतात. तसं करू नका. लगेच दवाखान्यात जा, त्यावर वेगळं औषध मिळतं. उशीर झाला तर हाताचा, डोळ्याचा मज्जातंतू कायमचा जातो.

गोळ्यांची पाकिटं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. अनेक औषधं एकत्र द्यायची ही पद्धत १९८० च्या दशकात आली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यायची. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. घरात निजायला, स्वयंपाक करायला, मूल पाजायला काही हरकत नाही. घरातल्या इतरांना प्रतिबंधक गोळीचा एक डोस देतात. त्या सुनेला आम्ही गोळ्या सुरू करून दिल्या. सासूला तिच्या नवऱ्याने सांगितलं, आम्ही नाही. घरात चार दिवस अबोला होता म्हणे, पण ती माहेरी गेली नाही.

तिच्या माहेरची भीती उगीच नव्हती. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्यावरून घटस्फोट मागता येत असे, हे आपल्या कायद्यातच होतं. ते कलम २०१९ मध्ये काढलं गेलं. १८९८ चा तो जुना कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला.

वॉनलेस यांनी १९२८ मध्ये मिरज सोडली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यांना सर हा किताब दिला. आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं इथे गेली होती. ३ मार्च १९३३ रोजी ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियात वारले. ज्या औषधाने हा रोग खरोखर आटोक्यात येऊ लागला ते डॅप्सोन रोग्यांना मिळायला लागलं १९४० च्या दशकात, त्यांच्यानंतर दहा-बारा वर्षांनी.