ब्लेझ पास्कल : अनिश्चिततेचे गणित मांडणारा श्रद्धावंत

दहावीच्या बीजगणितात आपली मुले संभाव्यता हा विषय शिकतात. नाणे उडवणे, फासा टाकणे, पत्त्यांतून एक पान काढणे अशी उदाहरणे त्यात असतात. या शास्त्राचा पाया ज्या दोघा फ्रेंच गणितज्ञांनी घातला, त्यांपैकी एक प्रभू येशूवर उत्कट श्रद्धा असलेले कॅथलिक भाविक होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यांचे नाव ब्लेझ पास्कल.

फ्रान्समधील क्लेरमाँ या शहरी १९ जून १६२३ रोजी त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील एतिएन करविभागात अधिकारी होते. त्यांनी ब्लेझ व त्यांच्या दोन बहिणी, जिल्बेर्त आणि जॅकलिन, यांना घरीच शिकवले. वडिलांना करांचे हिशेब रात्र रात्र जागून करावे लागत. ते श्रम हलके व्हावेत म्हणून १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पास्कल यांनी बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे हवेच्या दाबावरील त्यांचे संशोधनही गाजले. आज दाब मोजण्याच्या एककाला त्यांचेच नाव आहे.

१६५१ साली वडील निवर्तले आणि त्यानंतर लवकरच धाकटी बहीण जॅकलिन पोर-रोयाल येथील मठात दाखल झाली. एकाकी पास्कल यांचा वावर पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात वाढला. तेथे द मेरे नावाच्या एका सरदाराने त्यांच्यापुढे फाशांविषयीचे काही प्रश्न ठेवले. एक फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा तरी सहाचे दान पडेल, यावर पैज लावणे फायद्याचे ठरते, हे जुगाऱ्यांना अनुभवाने माहीत होते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर सहा पडतील, ही पैजही तितकीच फायद्याची असावी, असे त्या सरदाराला वाटे. गणित मात्र निराळे सांगते. पहिल्या पैजेत एकूण १२९६ शक्यतांपैकी ६७१ अनुकूल असतात, म्हणजे शेकडा सुमारे ५१.८. दुसऱ्या पैजेत हे प्रमाण शेकडा सुमारे ४९.१ इतकेच भरते. फरक थोडा, पण पुनःपुन्हा खेळणाऱ्याचे दिवाळे काढण्यास तो पुरेसा आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता, कारण तो न्यायाचा होता. दोघे खेळाडू प्रत्येकी ३२ मोहरा लावून खेळत आहेत. प्रत्येक डावात दोघांना समान संधी आहे. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सर्व ६४ मोहरा मिळणार. पहिल्याने दोन डाव जिंकले, दुसऱ्याने एक. आणि खेळ अचानक थांबवावा लागला. तर मोहरांची वाटणी कशी करावी? फ्रान्सिस्कन धर्मबंधू लुका पाचोली यांनी १४९४ साली छापलेल्या ग्रंथात अशा वेळी जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सुचवली होती. म्हणजे येथे दोनास एक.

पास्कल यांनी १६५४ साली तुलूझचे न्यायाधिकारी व गणितज्ञ पिएर द फर्मा यांच्याशी याविषयी पत्रव्यवहार केला. झालेले डाव मोजण्यापेक्षा पुढे काय होऊ शकते ते पाहावे, असा दोघांचाही विचार होता. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मोहरा मिळतील. हरला तर दोघे बरोबरीत येतील व त्याला ३२ मिळतील. म्हणजे ३२ मोहरा कोणत्याही स्थितीत त्याच्याच आहेत. उरलेल्या ३२ वर दोघांचा समान हक्क, म्हणून त्या निम्म्या निम्म्या वाटाव्यात. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. फर्मा यांनी सर्व शक्यता मांडून तेच उत्तर काढले. यातूनच संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले.

याच वर्षी, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, पास्कल यांना देवाच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला. त्याची नोंद त्यांनी आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर सापडली. त्यानंतर त्यांचे जीवन श्रद्धेला वाहिलेले राहिले. पोर-रोयालच्या बाजूने, येशूसंघीयांवर टीका करणारी त्यांची पत्रे वादग्रस्त ठरली आणि १६५७ साली रोमने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली.

ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिलेली टिपणे १६७० साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झाली. त्यांत वाटणीच्या गणितातील विचार पुन्हा भेटतो. देव आहे की नाही याचा निर्णय केवळ बुद्धीने होत नसला, तरी मनुष्याला निवड टाळता येत नाही. एका बाजूला मर्यादित त्याग आहे, दुसऱ्या बाजूला अनंत लाभाची शक्यता. तेव्हा विश्वासाची वाट धरणे अविचाराचे नाही, असे ते सुचवतात. मात्र श्रद्धा हे देवाचे दान आहे, ते हिशेबाने मिळत नाही, ही त्यांची धारणा होती.

१६६२ साली पॅरिसमध्ये सर्वसामान्यांसाठी ठरावीक मार्गांवर धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांनी आपल्या घरी एका गरीब कुटुंबाला आश्रय दिला होता. त्या घरातील मुलाला देवी आल्या. आजारी लेकराला हलवण्याऐवजी, स्वतः आजारी असलेले पास्कलच घर सोडून जिल्बेर्तकडे राहावयास गेले. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अखेरचा ख्रिस्तप्रसाद स्वीकारून, अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्माला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध करून त्यांचा गौरव केला.

नाण्याला वा फाशाला मागची आठवण नसते. सलग चार वेळा छापा पडला म्हणून पाचव्या खेपेला काटा पडण्याची शक्यता वाढत नाही. लॉटरी आणि मटक्याच्या आशेवर संसार उधळणारे हे विसरतात. आपल्या मुलांनी हा धडा केवळ गुणांसाठी शिकू नये. उद्याचे कोणालाच ठाऊक नसते. तरीही विचारपूर्वक निर्णय घेता येतो, आणि अपुऱ्या राहिलेल्या खेळातही ज्याचे त्याला न्यायाने देता येते, हे पास्कल यांनी दाखवून दिले आहे.