व्हेंटिलेटर नव्हते, तेव्हा १५०० विद्यार्थ्यांनी हाताने श्वास दिला होता

कोविडमध्ये व्हेंटिलेटर बेड हा शब्द मुंबईपासून पार कुरुळी-चाकणपर्यंत घराघरात पोचला. रेस्पिरेटरी थेरपी शिकणारी पोरं आज ज्या मशीनवर हात बसवतात, त्यामागे एक रबरी पिशवी आहे आणि एक भूलतज्ज्ञ. डॉ. ब्योर्न इब्सेन.

जन्म १९१५ चा, डेन्मार्कच्या कोपनहेगनमधला. १९४० ला डॉक्टर झाले, पुढे बोस्टनला जाऊन भूल द्यायचं शास्त्र शिकून आले. तेव्हा भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरपुरतंच. वॉर्डात त्याला कोण विचारतंय?

१९५२ च्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलकडे एक आयर्न लंग आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं, बास. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ गेले. शेवटी प्रमुख डॉ. लासेन यांनी इब्सेनना बोलावलं.

पेशंटच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर कोड्यात पडायचे. इब्सेनच्या लक्षात आलं की श्वास पुरेसा होत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड आत साठतोय. वर गिळता येत नसल्याने लाळ थेट फुफ्फुसात.

२७ ऑगस्टला १२ वर्षांच्या विव्ही एबर्टच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. नळीभोवती फुगा, म्हणजे हवा बाहेर गळत नाही आणि लाळ आत उतरत नाही. पण विव्ही तडफडत होती, हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर पांगायला लागले. इब्सेननी पेंटोथल दिलं. तिची झटापट थांबली आणि पिशवीतली हवा छातीत जायला लागली. पेशंट व्हेंटिलेटरशी झगडतो तेव्हा काय करायचं, हा धडा आजही विद्यार्थ्यांना शिकावाच लागतो.

विव्ही सावरली. पण बाकीच्यांचं काय? मशीन तर नव्हतीच. मग मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून बसले. सुमारे १५०० जण, रात्रंदिवस पिशवी दाबत. एका वेळी ७० पेशंटपर्यंत. हातात पिशवी असतानाच समोरचं पोर गेलं, असंही काहींच्या वाट्याला आलं. तरी मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत निम्म्यावर आलं.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननी कोपनहेगनच्याच कम्युनहॉस्पिटलमध्ये गंभीर पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला. तोच आजचा आयसीयू. ते २००७ मध्ये गेले.

विव्हीचे हातपाय लुळेच राहिले. १९७१ पर्यंत ती जगली.