कार्ल ब्लॉसफेल्ट

पावसाळा सुरू झाला की नागपुरात रस्त्याच्या कडेला तरोटा आणि आघाडा उगवतो. तरोट्याची भाजी तुम्ही खाल्ली असेल. पण त्याचा कोवळा शेंडा डोळ्यांजवळ धरून कधी पाहिला आहे का? जर्मनीतील एका शिक्षकाने अशाच रानटी वनस्पती पाहण्यात तीसहून अधिक वर्षे घालवली. त्यांचे नाव कार्ल ब्लॉसफेल्ट.

त्यांचा जन्म १८६५ साली शीलो या गावी झाला. तरुणपणी ते लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात काम शिकले. पुढे बर्लिनला त्यांनी कलेचे शिक्षण घेतले आणि १८९८ पासून तेथेच ते शिकवू लागले.

नक्षी काढायची असेल तर आधी झाड नीट पाहावे, असे ते मुलांना शिकवत. पण अंकुर एवढासा, तो मागच्या बाकावरच्या मुलाला कसा दिसणार? शिवाय खुडलेली फांदी लवकर कोमेजते. ही अडचण आम्हा शिक्षकांना चांगलीच ठाऊक आहे! ब्लॉसफेल्ट यांनी त्यावर उपाय शोधला. छायाचित्रणाचे शिक्षण नसतानाही त्यांनी स्वतः एक कॅमेरा बनवला. त्याने लहानशी कळी तीस पटींपर्यंत मोठी दिसे.

रानात आणि रस्त्याच्या कडेला फिरून ते वनस्पती गोळा करत. नको असलेली पाने कापून टाकत, मागे साधा कागद लावत आणि खिडकीच्या मंद उजेडात फोटो घेत. फोटो काळे-पांढरे असत. रंग नसल्यामुळे नजर थेट आकारावर जाई. भोपळ्याच्या वेलीचे वळलेले तंतू पाहून वाटे, जणू लोहाराने सळई वाकवली आहे! नेच्याचे गुंडाळलेले कोवळे पान काठीच्या मुठीसारखे दिसे. कारखान्यात लोखंड हाताळलेल्या माणसालाच असे आकार सापडावेत, असे मला वाटते.

अशी हजारो छायाचित्रे त्यांनी काढली, तीही फक्त वर्गासाठी. बाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हते. १९२६ साली कार्ल निरेनडॉर्फ यांनी बर्लिनमध्ये ती लोकांसमोर मांडली. १९२८ साली १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि ६३ वर्षांचे हे शिक्षक एकदम प्रसिद्ध झाले. दुसरे पुस्तक १९३२ मध्ये आले. त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.